गोकर्णीचं उद्यापन

त्या राज्यात वारा नव्हता. बाकी सगळं होतं. चार लाकडी भिंती होत्या, त्यांना आतून चंदेरी कागद डकवलेला होता. दोन फळ्या होत्या, ते दोन प्रांत. आभाळ फार उंच नव्हतं, खालून मोजलं तर दोन-अडीच हातच, पण त्या आभाळाला स्वतःचा सूर्य होता. कपड्यांच्या एका जुन्या कपाटात कुणीतरी हौसेनं हे राज्य वसवलं होतं. राज्याला नाव नव्हतं. तिथल्या प्रजेला दुसरं राज्यच ठाऊक नव्हतं, मग नाव ठेवून आपल्याला वेगळं तरी कशापासून करायचं?

प्रजा कुंड्यांत राहायची. सूर्य म्हणजे वर टांगलेला दिवा. सकाळी टक् आवाज झाला की तो लागायचा आणि दिवस सुरू व्हायचा. दर तिसऱ्या दिवशी दार उघडायचं, एक हात आत यायचा, सगळ्यांना पाणी घालायचा आणि दार लोटून निघून जायचा. त्या हाताबद्दल कुणी फार बोलत नसे. देवाबद्दल जितकं बोलतात तितकंच.

खालच्या प्रांतात, मागच्या भिंतीला धरून गोकर्ण राहत होती. निळ्या फुलांची सडसडीत वेल, मनानं सरळ, नेमधर्माची. लहानपणी तिनं एक नवस केला होता, आणि ही गोष्ट त्या नवसाचीच आहे.

तेव्हा तिला जेमतेम दोन पानं होती. एके दिवशी सकाळी टक् झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. अंधारात सगळ्यांची पानं पिवळी पडली. शेजारचा पुदिना, ज्याची जीभ कधी स्वस्थ नसे, तोही गप्प झाला. त्या अंधारात गोकर्ण मनाशी बोलली, "दिव्या, तू परत आलास तर पुन्हा तुला जाऊ देणार नाही. मला फूल येईल तेव्हा रोजचं फूल तुझ्या वाटेवर वाहीन."

चौथ्या दिवशी दिवा लागला.

आता दिव्याची वाट कोणती, हे तिनं नीट पाहून ठेवलं. राज्याला दोन भोकं होती. एक खाली, तिच्या कुंडीमागे, लिंबाएवढं. तिथून दिव्याची तार आत येऊन कोपऱ्यानं वर चढायची. दुसरं अगदी वर, दिव्याच्या पाठीमागे, जिथे फळीतली गाठ निखळून पडली होती. दोन्हींतून उजेड बाहेर सांडायचा. खालच्या भोकातून पाहिलं तर बाहेर फरशीवर पडलेल्या एका फुटक्या कुंडीवर उजेडाचं एक रुपयाएवढं चकतं दिसायचं. गोकर्णीला वाटलं, असाच थेंब थेंब सांडून गेला असणार हा त्या वेळी.

पहिलं फूल आलं, एक दिवस मिरवलं, दुसऱ्या दिवशी मिटून गळलं. तिनं ते खालच्या भोकात नेऊन ठेवलं. मग रोज एक.

भक्तीची लागण होते. हिचं पाहून कोथिंबिरीनं जून काड्या दिल्या, पुदिन्यानं सुकी पानं दिली, वरच्या फळीवरच्या मिरचीच्या तीन बहिणींनी गळलेला मोहोर खाली टाकला. खालचं भोक भरलं. तोवर वेल वाढली होती, तिनं वरच्या भोकाला हात घातला. तेही भरलं. ज्या दिवशी बाहेर उजेडाचा एक कणही सांडेनासा झाला, त्या दिवशी राज्यात सण झाला.

ते दिवस फार गोड होते. जुनी रोपं अजूनही त्यांची आठवण काढतात. चंदेरी भिंतींवरून उजेड परत परत अंगावर यायचा. मरव्याचा वास, पुदिन्याचा वास, ओल्या मातीचा वास, सगळं घरातलं घरात. काही म्हणजे काही वाया जात नव्हतं. संध्याकाळी दिवा मालवायच्या आधी सगळी जणं थोडी त्याच्याकडे वळून उभी राहायची आणि प्रत्येकाला वाटायचं, आता हा आपला. कायमचा.

मग उष्मा वाढू लागला.

आधी तो कृपेसारखाच वाटला. "दिवामहाराज प्रसन्न आहेत," कोथिंबीर म्हणाली आणि आठवड्याभरात करपून गेली. भिंतींवर घाम सुटला. मातीवर पांढरी बुरशी धरली. वरच्या प्रांतात मिरचीच्या बहिणींची पानं नावेसारखी दुमडली, मोहोर धरेना. थोरली म्हणायची, "आम्ही सूर्याच्या जवळच्या. आम्ही तक्रार करायची नसते." असं म्हणता म्हणता तिची मान खाली गेली.

प्रजेनं गाऱ्हाणं घातलं. हाताला ते पोचलं असावं, कारण पुढच्या वेळी हातानं पंखा आणून बाजूच्या भिंतीला बसवला. हा पंखा पूर्वी कुठल्याशा यंत्राच्या पोटात नोकरीला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"आता काळजी करू नका," पंखा गरगरत म्हणाला. "मी आलोय."

पहिले दोन दिवस सगळ्यांना बरं वाटलं. पानं हलली. हलणं म्हणजे काय, हे तरुण रोपांना प्रथमच कळलं. तिसऱ्या दिवशी पुदिन्यानं तोंड उघडलं.

"पंखेराव, ही हवा ओळखीची वाटते."

"म्हणजे?"

"काल तुम्ही हीच पाठवली होती. परवाही हीच. कोथिंबीर गेली तिचा वास आहे हिला. रोज शिळंच वाढताय, फक्त ताट फिरवून."

पंखा रागावला आणि आणखी जोरात फिरू लागला. उष्मा आणखी जोरात फिरला.

त्याच सुमारास दिवा अडखळू लागला. भर दुपारी डोळा मिटल्यासारखा मिनमिन करायचा आणि पुन्हा पेटायचा. राज्य चरकलं. गोकर्ण दिव्याकडेच बघत राहिली. हा गेला तर? तिनं नवस आणखी कडक केला. एक फूल वाहायची तिथे दोन वाहू लागली, बोळे आणखी घट्ट दाबू लागली. फुलंही आता धड उमलत नव्हती, कळ्याच गळत होत्या. ती कळ्या वाहायची.

हे सगळं मरवा पाहत होता. मरवा राज्यातला सगळ्यांत जुना. तो इथे जन्मला नव्हता, कुठल्याशा खिडकीच्या कट्ट्यावरून इथे आला होता. त्या कट्ट्याच्या गोष्टी तो इतक्यांदा सांगायचा की तरुण रोपं ऐकल्यासारखं करून झोपत. पण त्या दिवशी गोकर्णीला झोप नव्हती आणि करमतही नव्हतं.

"मरवाकाका, वारा कसा असतो हो?"

मरव्याचा चेहरा उजळला. "वारा? बिनशिस्तीचा पाहुणा. न सांगता यायचा. चार पानं पाडायचा, शेजारच्या घरची फोडणी नाकात आणून टाकायचा, आणि जाताना माझा वास घेऊन जायचा. मला वाटायचं, चोर आहे मेला. पण संध्याकाळी जिना चढणारी माणसं थांबून म्हणायची, मरवा घमघमतोय कुठेतरी." त्यानं स्वतःची पानं हुंगली. "इथे माझा वास माझ्याच अंगावर बसून असतो, पोरी. मलाच शिसारी येते आता."

"आणि तो यायचा कुठून?"

"पुढच्या खिडकीनं. जायचा मागच्या दारानं. मागचं दार लागलेलं असलं की खिडकीपर्यंत येऊन परत फिरायचा. रिकामी जागाच नसली तर पाहुणा बसणार कुठे?"

गोकर्ण त्याच्या बाजूला जरा वाकली. मग मरवा हळूच म्हणाला, "एक बोलू? राग मानू नकोस. त्या घरातली बाई मोठी व्रताची होती. सोळा सोमवार करायची, पण सतराव्याला उद्यापन करायची. देवापुढचं उचलून लोकांच्या घरी पाठवायची. आणि फुलं तर दुसऱ्या दिवशी देवाच्या अंगावर राहू द्यायची नाही. सकाळी उठली की पहिलं निर्माल्य काढायचं. तुझ्या नवसाला उद्यापन कधी आहे गं?"

गोकर्णीनं भोकाकडे पाहिलं. वर्षानुवर्षांची फुलं, काळी पडलेली, एकमेकांत चिकटून दगड झालेली. तिनं आजवर त्यांना नवस म्हटलं होतं. निर्माल्य म्हणून कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टक् झाल्यावर तिनं खालच्या बोळ्याला विळखा घातला. वेलीला ओढता येत नाही, पण वळता येतं. ती वळत राहिली. राज्यात गलका झाला.

"उजेड सांडेल!" मिरचीची मधली बहीण वरून ओरडली.

"तुझं तुलाच सुचलं, की कुणी शिकवलं?" पुदिना मरव्याकडे बघत म्हणाला. "गोकर्णताई, महाराज गेले तर तोंड कुणाला दाखवशील?"

"अंधारात तोंड दिसत नाही रे," ती म्हणाली आणि वळत राहिली.

दुपारी बोळा सुटला आणि बाहेर पडला. बाहेरच्या फुटक्या कुंडीवर ते जुनं उजेडाचं चकतं पुन्हा उमटलं. सगळी जणं वर दिव्याकडे बघू लागली. भोकापाशी गार काहीतरी आलं, गोकर्णीच्या मुळांना शिवलं, आणि तिथेच थांबलं. पुढे सरकलं नाही. संध्याकाळपर्यंत उष्मा होता तसाच. दिवा चार वेळा मिटला.

"झालं समाधान?" पुदिना म्हणाला. पण या वेळी त्याच्या आवाजात टोमणा कमी आणि भीती जास्त होती.

मरवा एवढंच म्हणाला, "पाहुणा उंबऱ्याशी उभा आहे गं."

म्हणजे मागचं दार उघडायला वर जायला हवं होतं. वर जायचं म्हणजे दिव्याच्या पाठीमागे, जिथे तिचा जुना शेंडा आणि मिरचीच्या बहिणींचे शेंडे करपून काळे पडले होते. गोकर्ण सकाळी पाणी प्यायली ते शेवटचं समजूनच, आणि तारेच्या आधारानं चढू लागली. वरच्या प्रांतात पोचली तेव्हा तिची कोवळी पानं कागदासारखी वाजत होती. आजवर ती इथे डोळे मिटूनच फूल वाहायची; आयुष्यात प्रथमच तिनं दिव्याची पाठ पाहिली. समोरून नुसतं तेज असलेल्या महाराजांच्या पाठीला पत्र्याच्या पट्ट्या होत्या, आणि त्या तव्यासारख्या तापल्या होत्या.

"कोण, निळी फुलंवाली का?" दिवा म्हणाला. तो कधी बोलत नसे, म्हणून त्याचा आवाज घोगरा होता.

गोकर्णीनं मान खाली घातली. "मी तुम्हाला जाऊ देणार नाही म्हणाले होते."

"जाऊ कुठे? टांगलेला आहे मी." दिवा मिनमिनला, पुन्हा पेटला. "फक्त पाठ फार पोळते गं. कुणाला सांगणार? सगळी समोरच उभी असतात."

ती पट्ट्यांना वळसा घालून पुढे सरकली. तिनं वरच्या बोळ्याला विळखा घातला. एक दिवस वळली. शेंडा जळला, तिनं बाजूनं दुसरा शेंडा काढला. दुसऱ्या दिवशी बोळा सैल झाला, पण निघेना. तिचं बळ संपलं होतं. तिनं खाली पाहून हाक मारली, "पंखेराव, तेवढं तोंड वर कराल का?"

पंख्याकडे आजवर कुणी काही मागितलं नव्हतं, सगळ्यांनी नावंच ठेवली होती. त्यानं अंग मोडून घेतलं, करकरला, आणि जेवढा कलता येईल तेवढा वर कलला. राज्यातली सगळी शिळी हवा एकदम वर उठली आणि बोळा बाहेर उडाला.

त्याच क्षणी खालचा पाहुणा उंबरा ओलांडून आत आला.

आधी गोकर्णीच्या कुंडीतली माती गार झाली. मग पुदिन्याची पानं हलली, आणि पुदिना काही बोलला नाही. मग मरवा हलला. त्याचा वास उठला, मिरचीच्या बहिणींवरून गेला, दिव्याच्या पाठीवरून गेला, वरच्या भोकातून बाहेर गेला. मरव्यानं डोळे मिटून घेतले. बाहेर कुणीतरी चालता चालता थांबल्याची चाहूल त्याला लागली की नुसता भास झाला, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

"मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो," पंखा म्हणाला. त्या दिवशी त्याला कुणी अडवलं नाही.

दिवा त्यानंतर मिटला नाही. धाकट्या दोन मिरच्या वाचल्या. थोरलीच्या जागी हातानं नवं रोप आणून लावलं. गोकर्णीचा वरचा भाग वाळून गेला, पण बुंध्यापाशी पुन्हा फुटवा आला आणि यथावकाश त्याला कळीही आली.

ते फूल उमललं त्या दिवशी तिनं सवयीनं खालच्या भोकाशी वाकून पाहिलं. कपाटाच्या पायाशी ती फुटकी कुंडी कधीची पडून होती, तिच्यात हाताच्या पाण्याचे थेंब ठिबकून माती ओली राहिली होती. निर्माल्याचा बोळा नेमका तिथे पडला होता, आणि त्या बोळ्यात एक वाळकी शेंग असणार, तिलाही आठवत नव्हती अशी. बाहेर बाकी सगळा अंधार होता. पण उजेडाचं ते रुपयाएवढं चकतं त्या कुंडीवर पडलं होतं, आणि त्या चकत्यात बरोबर मावतील अशी दोन हिरवी पानं उभी होती. ती हलत होती. आतल्यांना इतकी वर्षं न भेटलेला वारा तिथे आधीपासूनच होता.

गोकर्ण पुष्कळ वेळ बघत राहिली. मग भोकाला तोंड लावून, पुदिन्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"बाळ, तुलाही फुलं येतील. आमच्या घरची चाल आहे, रोज एक दिव्याला वाहायचं. तेवढं तू कर. आणि सकाळ झाली की आठवणीनं उचल, हं."