चौकटीतली फळी

मला सांगायला लावू नका, असं मी दहादा म्हटलं. बेट कुठं गेलं हे विचारणार तुम्ही, आणि चोच झिजवायची मी. शाळा मला नाही. गोड बोलणं तर त्याहून नाही. ऐकायचंच असेल तर मधे टोचू नका. पुढं काय झालं ते तुम्ही बसलात त्या खडकाच्या खाली आहे, पाण्यात.

बेट समुद्रापेक्षा दोन हात खाली होतं. ही गोष्ट सगळ्या पाखरांना ठाऊक होती आणि तिच्याविषयी कोणी बोलत नसे. भोवती दगडमातीचा बांध होता. बांधात एकच दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. लाकडाची चौकट आणि तिच्यात एकावर एक बसवलेल्या सागवानी नऊ फळ्या. त्या नऊ फळ्यांवर बेट उभं होतं.

राज्य राजहंसाचं होतं. पण राजहंस फक्त मान हलवी. कारभार करी तो कारभारी. तो उंचवट्यावरच्या काळ्या दाराच्या घरात राही. त्या दाराला बाहेरून कडी नव्हती. आतून कोणी उघडलं तरच आत जायचं, मग तो कारभारी का असेना.

पहिला कारभारी बगळा. उघाडी त्यानंच बांधून घेतली आणि घरही. उघाडीची आणि घराच्या दाराची, दोन्ही चौकटी एकाच मापाच्या निघाल्या, कारण मोजायला त्याच्यापाशी एकच काठी होती. सुतारकी माझ्या आजानं केली, आम्ही सुतारपक्षी. मरताना बगळा एक ओळ लिहून गेला: "फळी चौकटीत राहिली पाहिजे."

ती ओळ शराटीनं वाचली. शराटी म्हणजे घरातला कारकून, काळा, वाकलेला, सदा खाली बघणारा. बगळ्याचं चित्र जिन्याच्या भिंतीवर लावायचं चाललं होतं, त्याला चौकट हवी होती. शराटीनं ओळ वाचली, चित्राकडं बघितलं आणि म्हणाला, अर्थ उघड आहे. उघाडीची एक फळी जादा पडून होती. आजानं तिला मधोमध भोक पाडलं, मागं केतकीचं पान लावलं, पानावर बगळ्याचा चेहरा काढला. सगळ्यांना फार आवडली. आजाला हार घातला. ओळीचा अर्थ आजाला कळला होता, पण गळ्यात हार असताना तो कसला बोलतोय.

तिथून रीत पडली. कारभारी गेला की उघाडीची वरची एक फळी काढायची, तिची चौकट करायची. नवं चित्र जिन्याच्या माथ्यावर, बाकीची एकेक पायरी खाली. फळीच्या जागी चिखल भरायचा. चिखल मुख्य भूमीवरून दगडी वाटेनं येई आणि खेकडे तो चेपून बसवत. चालून जात होतं.

दुसरा पाणकावळा. तो समुद्राशी बोलायला गेला आणि एक शंख घेऊन आला. म्हणाला, समुद्रानं शब्द दिलाय, ऐका. पाखरांनी शंख कानाला लावला. आत समुद्र हो हो म्हणत होता. पुढच्याच पंधरवड्यात वादळ आलं. मग ससाणा कारभारी झाला. तो पाच दिवस उघाडीवर पंख पसरून उभा राहिला, ओरडत, शिव्या देत, आणि बेट वाचलं. सहाव्या दिवशी ऊन पडलं. पाखरांनी त्याचे आभार मानले आणि कौल दुसऱ्याला दिला. फळी ससाण्यासाठीही काढली. ज्या उघाडीसाठी तो उभा राहिला, तिचीच.

त्यानंतरचे तीन मला आठवत नाहीत. चौकटी आठवतात.

मग घार आली. बापाच्या मागं सुतारकी माझ्याकडं आली ती तेव्हाच. घारीचं आणि खेकड्यांचं जमलं नाही. खेकडे आडवे चालतात, त्यांना सरळ करते म्हणाली. वर्षभर भांडण चाललं. खेकडे उपाशी बसले आणि शेवटी बेट सोडून गेले. घार जिंकली. चिखल चेपायला कोणी उरलं नाही. तिला काढली ती तिच्याच माणसांनी, म्हणजे पाखरांनी. ती निघाली तेव्हा खिडकीतून मी तिचे डोळे बघितले, ओले होते. खेकड्यांसाठी नव्हते.

हळद्या देखणा, चांगल्या घरट्यातला. त्याच्या जेवणाच्या पंगतीत रोज एकच वाद: मुख्य भूमीची वाट ठेवायची की तोडायची. वाद मिटावा म्हणून त्यानं सगळ्या बेटाला विचारलं. पंगतीतलं भांडण गावाला विचारायचं नसतं. गाव म्हणालं, तोडा. हळद्यानं शीळ घातली, दार आतून उघडून घेतलं आणि गेला. वाट तुटली, चिखल यायचा थांबला. त्याच्या मागून फुलचुखी आली. तिच्या नावानं बाजारातून आणलेली मेथीची जुडी सुकायच्या आत ती गेलीसुद्धा.

तेव्हा उघाडीत दोन फळ्या उरल्या होत्या. वर जुना चिखल, भेगा पडलेला.

आणि धनेश आला. ही एवढी चोच, चोचीवर आणखी एक चोच, आणि ती वरची पोकळ. आवाज मात्र बेटभर जाई.

बांधाआतल्या खारट जमिनीत, खाजणात, टिटवी राहत होती. ती घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालते. झोपते ती पाय वर करून, आभाळ पडलं तर झेलायला, म्हणून तिला सगळे हसत. तिची चार अंडी उघाडीपासून वीस पावलांवर होती. अमावास्येचं उधाण आठ दिवसांवर आणि पिल्लं दहा दिवसांवर, असा तिचा हिशेब होता. ती काळ्या दारापाशी येऊन बसली. दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी भरल्या सभेत फुलचुखीच्या चौकटीचं माप द्यायला मला आत बोलावलं, तेव्हा ती माझ्या मागून शिरली.

"कारभारी," ती म्हणाली, "आभाळ मी बघते. पाणी तेवढं तुम्ही बघा. ह्या दोन फळ्या राहू द्या."

धनेश म्हणाला की टिटवीबाईंचं दुःख आपल्याला समजतं, पण रीत ही रीत. फुलचुखीची चौकट झालीच पाहिजे. आणि कारभारी हल्ली टिकत नाहीत, तेव्हा आपलीही आत्ताच करून ठेवावी. एक उरली आहे ना?

तेव्हा मी बोललो. तीन पिढ्यांनी गिळलेलं बोललो. बगळ्याची चौकट म्हणजे उघाडीची चौकट, फळी तिथं राहिली पाहिजे असं त्याचं म्हणणं होतं. चित्राचा काही संबंध नाही.

शराटीनं खाली बघितलं. धनेशानं विचारलं, "सुतारा, तुला वाचता येतं?"

"नाही."

"मग लिहिलेल्याचा अर्थ अडाण्यानं आम्हाला सांगायचा?"

सभा हसली. थोडा मीही हसलो, सवयीनं. टिटवी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, कारण चोच माझी होती.

फळ्या मी कापल्या. लपवत नाही. दोन्ही मधोमध कोरल्या, त्यांच्या जागी वरचाच जुना चिखल खाली ओढला. धनेशाचं चित्र चांगलं निघालं, चोच पानात मावली नाही एवढंच.

उधाण भर दुपारी आलं. चिखल चहातल्या बिस्किटासारखा खाली बसला. टिटवी अंड्यांवर उताणी झाली आणि तिनं पाय वर केले. पाणी वरून येत नव्हतं. मी तिला ओढून काढली तेव्हा अंडी थोडा वेळ तरंगली. तीन मोजली. चौथं दिसलं नाही.

पाणी उंचवट्यावर चढलं आणि काळं दार बिजागरीसकट आत पडलं. शराटी खिडकीतून उडाला. धनेश उडाला नाही. तो जिन्यावरून चौकटी काढू लागला आणि दाराच्या जागी रचू लागला. तळाला फुलचुखी, तिच्यावर हळद्या, मग घार, ते मधले तीन, ससाणा, पाणकावळा. एकेक फळी खाचेत अशी बसत होती की आजा बघता तर खूश झाला असता. नऊच्या नऊ बसल्या, बगळ्याची जादा ती इथंही जादाच राहिली. फट कुठं नव्हती. नववी, सगळ्यात वरची, त्यानं स्वतःची बसवली.

मग पानं भिजली. आधी खालचे चेहरे गेले, मग वरचे, आणि प्रत्येक चेहऱ्याच्या जागेतून समुद्र आत आला.

टिटवी अजून इथंच, ह्या खडकाच्या टोकाला झोपते. आता पाय खाली करून. तिची माफी मी मागितली. माझी माफी मागायची आहे ती एकानं, मला अडाणी म्हणणाऱ्या धनेशानं.