पाटीला हात

“...म्हणजे आधी आपणच पकड सैल करायची, बाबा? शत्रूसमोर?”

निशिकांत मेहेरचा आवाज चढला होता. टीव्हीवर चढतो तसाच.

समोर सुरूच्या झाडाखाली लालशाबाबा बसले होते. फकिरी घेण्याआधी ते याच बंदरावर खलाशी होते. पाठीमागे समुद्र, बाजूला झोपडी, पुढ्यात निशिकांतनं आणलेला पेढ्यांचा पुडा. पुड्याची दोरी अजून सुटली नव्हती.

निशिकांत याच कोळीवाड्यातला. पहिली अक्षरं त्यानं बाबांच्या समोर बसून वाळूत गिरवली. आता तो दिल्लीत असतो. परराष्ट्र धोरणाचा जाणकार म्हणून रोज पडद्यावर दिसतो, सरकारच्या सल्लागार समितीवर आहे. त्याच्या शब्दाला वजन आहे, आणि ते त्याला पुरतं ठाऊक आहे.

उद्या त्या समितीची बैठक होती. समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पकडलेले आपले मच्छीमार शेजारी देशाच्या तुरुंगात होते. त्यांचे मच्छीमार आपल्या तुरुंगात होते. दोन्हीकडच्यांची अदलाबदल ठरली होती. मग सरहद्दीवर काहीतरी पेटलं आणि सगळं अडकलं. आता सोडायचं की नाही, यावर उद्या मत द्यायचं होतं.

निशिकांतचं मत ठरलं होतं. सोडायचं नाही. तो फक्त आशीर्वाद घ्यायला आला होता.

“शिक्षा संपली ना त्यांची?” बाबांनी विचारलं.

“कधीच.”

“मग?”

“बाबा, प्रश्न शिक्षेचा नाही. आपण काय दाखवतो त्याचा आहे. आज सोडलं तर आपण नरमलो असा अर्थ निघतो. आधी त्यांनी सोडावेत.”

“ते काय म्हणतात?”

“तेच. आधी आपण सोडावेत.”

कोर्टाची शिक्षा संपली होती, हे खरं. पण तिच्यापुढे दुसरी शिक्षा सुरू होते. तिला न्यायाधीश नसतो, मुदत नसते, अपील नसतं. ती देतात चकचकीत स्टुडिओत बसलेली, खारं वारं विसरलेली माणसं. तिकडे माणसं सडतात, इकडे चर्चा रंगते. आणि आपण जेवताना भाताचा घास हातात धरून म्हणतो, वा, काय सुनावलं! आपल्यालाही लाज वाटत नाही.

“आपला रमण तिकडेच आहे,” बाबा म्हणाले. “तुझ्याच वर्गातला.”

“ठाऊक आहे. वाईट वाटतं, बाबा. खरंच वाटतं. पण देश मोठा की एक रमण?”

बाबांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला.

मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“माझी मनगटं धर.”

“कशाला?”

“धर तर.”

निशिकांतनं हसत त्यांची मनगटं धरली. बाबांनीही त्याची धरली. म्हातारा असला तरी हात जाळी ओढलेले होते.

“आता जो आधी सोडेल तो नरमला,” बाबा म्हणाले.

“चालेल.” निशिकांतला गंमत वाटली. लहानपणी बाबा असेच खेळ खेळत.

तेवढ्यात बंदराच्या वाटेनं जमना आली. रमणची बायको. डोक्यावर मासळीची ओली पाटी, वर बर्फ, पदरावर निथळणारं पाणी. नवरा इथं असताना ती स्वतःच्या होडीची मासळी विकायची. आता दुसऱ्यांच्या पाट्या मजुरीनं बाजारात नेते. वाटेत बाबांपाशी विसावा घ्यायचा, हे रोजचं.

भरली पाटी एकट्या बाईला उतरवता येत नाही. कुणीतरी समोरून हात लावावा लागतो. म्हणून बंदरावर एक रीत आहे. भांडण असो, वर्षानुवर्षं बोलणं बंद असो, पाटीवाली थांबली की हात लावायचा. एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायाही लावतात. न लावणाऱ्याला कोळीवाडा माणसात धरत नाही.

“बाबा, पाटीला हात लावा जरा.”

बाबा हलले नाहीत.

“बाबा?”

निशिकांतनं हात मागे घ्यायला पाहिलं. “सोडा बाबा, ती थांबलीय.”

“आधी तू सोड.”

“हे बघा, सोडलं.” त्यानं बोटं उघडली.

बाबांची बोटं उघडली नाहीत. “तू नरमलास. म्हणून मी का नरमू?”

“बाबा, आता थट्टा नको.”

“थट्टा कुठंय? मी कणखर आहे.”

जमनानं दोन्ही हातांनी पाटी सावरली. बर्फाचं पाणी तिच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. आसपास दुसरं कुणी नव्हतं.

“निशीभाऊ, तुमी तरी लावा हात. मान मोडतेय माजी.”

निशिकांतनं हिसका दिला. पकड सुटेना.

“बाबा, ती पडेल!”

“वाईट वाटतं,” बाबा म्हणाले. “खरंच वाटतं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण बोटं तशीच आवळलेली.

जमनाचे पाय कापू लागले. ओठ घट्ट मिटून ती समोर बघत उभी राहिली.

निशिकांत ओरडला. “सोडा! सोडा म्हणतो ना!”

त्यानं सगळा जीव लावून हात ओढले. तेव्हा कुठं बाबांनी बोटं उघडली. तो धडपडत गेला, पाटीखाली दोन्ही हात घातले, ती खाली उतरवली. मासळीचं गार पाणी त्याच्या बाह्यांतून कोपरापर्यंत गेलं. जमना मान धरून वाळूतच बसली.

निशिकांत वळला. रागानं त्याचा चेहरा लाल झाला होता. हा आवाज टीव्हीवरचा नव्हता.

“माणूस आहात का तुम्ही? आपल्या दोघांच्या खेळात तिला का उभं ठेवलंत? तिचा काय गुन्हा होता? सांगा, काय गुन्हा होता तिचा?”

बाबा दुखावलेली बोटं चोळत होते. त्यांनी वर पाहिलं.

“मी तर घडीभरच धरलं होतं, निशिकांत.”