ओहोळावरचा पहारा

किनाऱ्यावर माणसांची घरं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीतलं कांदळवन तिथले प्राणी मिळून राखत. आतल्या ओहोळात माशांची पिल्लं वाढत, म्हणून तिथे कोणी शिकार करायची नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पहारा पाळीपाळीने असे.

एकदा दूरवरून उडत आलेला एक म्हातारा बगळा खाडीवर उतरला. भुकेने त्याचे पाय लटपटत होते. पाणमांजरांचा म्होरक्या त्याला थेट ओहोळापाशी घेऊन आला. पहाऱ्यावर चिंबोरी होती. तिने नांग्या उगारून वाट अडवली.

"अगं, पाहुणा आहे! एक दिवस खाल्लं तर काय बिघडतं?" म्होरक्या गुरकावला.

"दादा, पाहुण्यांना मोठ्या खाडीत जेवायला न्या," चिंबोरी म्हणाली. "मला चिरडलंत तरी मी बाजूला होणार नाही."

म्होरक्याने पंजा उचलला, तसा बगळा मध्ये आला.

"राहू दे, बाबा. आमच्याही खाडीत असाच ओहोळ होता. पाहुण्याला नाही म्हणणं आम्हाला कधी जमलं नाही. म्हणून तर या वयात मला अन्नासाठी इतक्या लांब यावं लागलं."

म्होरक्याने पंजा खाली घेतला आणि पाहुण्याला मोठ्या खाडीकडे नेलं.