गुलाबी कागदावरचे मोर

नदीकाठच्या एका बाजारगावात भानुदास जिनगर नावाचा छापखानेवाला राहत होता. त्याच्या लग्नपत्रिकांचा पंचक्रोशीत लौकिक होता. कडेनं वेलबुट्टी, माथ्यावर समोरासमोर दोन मोर आणि तळाशी ठसठशीत अक्षरांत छापखान्याचं नाव. लोक म्हणत, "भानुदासाची पत्रिका आली, की निम्मं लग्न लागलंच." हे ऐकलं की त्याची मान ताठ होई.

एका वर्षी ऐन जत्रेच्या तोंडावर पलीकडच्या वाडीत पटकी लागली. गावची विहीर वाडीकडून येणाऱ्या नाल्याला लागूनच होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, पाणी उकळूनच प्या, नाहीतर साथ इथं यायला वेळ लागणार नाही. पण जत्रेच्या ढोलताशांत दवंडी कुणाला ऐकू जाणार? म्हणून पाटील स्वतः छापखान्यात आले.

"भानुदास, उद्या घरोघर कागद पोचला पाहिजे. फुलंपानं नकोत. लांबून दिसेल असं छाप."

"छपाईचं माझ्यावर सोडा, पाटील."

मजकुराची चिठ्ठी ठेवून पाटील गेले. मशीनवर जत्रेतल्या नाटकाची जाहिरात चढवलेली होती, तीही त्याच वेलबुट्टीची आणि मोरांची. गुलाबी कागदांची थप्पी शेजारीच होती. भानुदासानं पाटलांचा मजकूर पुन्हा वाचला. पांढऱ्या कागदावर चार काळ्या ओळी! असला उघडाबोडका कागद घरोघर जाणार आणि खाली आपलं नाव असणार, हे त्याला सोसेना. त्यानं वेल आणि मोर जागच्या जागी ठेवले. मधले अक्षरांचे खिळे तेवढे बदलले. वर वळणदार मोठ्या अक्षरांत 'आग्रहाची विनंती' आली. पाणी उकळण्याची गोष्ट मधे बारीक अक्षरांत गेली, पत्रिकेत मामा-आत्यांची नावं असतात तिथं.

त्याच्या बायकोनं, तानीबाईनं, ओला कागद हातात घेतला.

"अहो, हे पटकीचं आहे की मुंजीचं?"

"मजकूर वाच. एक तरी काना चुकलाय का?"

"काना नाही चुकला. पण वाचायला थांबेल कोण? जत्रेत असले कागद रोज दारात पडतात."

"तुला काय कळतंय छपाईतलं! मजकूर पाटलांचा, कागद माझा."

तानीबाईनं कागद दोरीवर वाळत टाकला आणि घरचं पाणी चुलीवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी कागद घरोघर गेले. कुणी त्यात चुरमुरे बांधले, कुणी त्याच्या होड्या केल्या. शेजारी नेमाजी शिंप्याचं घर होतं. त्याच्या बायकोला, राहीला, ते मोर फारच आवडले. तिनं खळ केली आणि कागद भिंतीला लावला, बरोबर पाण्याच्या माठाच्या वर.

"भावोजी, मोर अगदी झ्याक आलेत हो!" तिनं कुंपणावरून सांगितलं.

भानुदास हसला. "वहिनी, वाचलात का?" एवढं विचारायचं होतं. पण कौतुकानं तोंड गोड झालं होतं. त्यानं विचारलं नाही.

जत्रा पांगली आणि पटकी गावात आली. दवाखान्याच्या ओसरीवर खाटा पुरेनात. घाटावरचा धूर दिवसभर हटत नव्हता. राही सकाळी आडवी झाली आणि दिवेलागणीला गेली.

दहाव्याचं पत्र छापून घ्यायला नेमाजी आला. स्टुलावर बसून आवाज न चढवता म्हणाला,

"दादा, पाणी पिताना तो कागद रोज समोर असायचा. मी म्हटलं, जत्रेतलं काहीतरी असेल. ती गेल्यावर वाचला."

भानुदासानं मान खाली घातली.

"तिचं पत्र तेवढं छापून द्या. साधंच."

भानुदासाचा हात सवयीनं वेलबुट्टीच्या खणाकडं गेला आणि तसाच मागं आला. त्यानं पांढरा कागद घेतला. जाड काळ्या अक्षरांत राहीचं नाव, दिवस आणि घाट, एवढंच जुळवलं. भोवती मोकळी जागा सोडली. स्वतःचं नाव कुठंच घातलं नाही. चावडीवर ते पत्र लावलं, तेव्हा जाणारे-येणारे थांबले. पुरुषांनी टोप्या काढल्या. भानुदासानं छापलेलं काही गावानं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, ते हे पहिलंच.

दहावा झाल्यावर तो नेमाजीच्या घरी गेला. भिंतीपाशी उभा राहिला आणि गुलाबी कागदाच्या कोपऱ्याला त्यानं नख लावलं.

"राहू द्या, दादा," नेमाजी म्हणाला. "तिनं लावलाय."

मग नेमाजीनं माठातलं पाणी तांब्यात काढलं. आता ते उकळलेलं होतं. भानुदास मोरांकडं तोंड करून बसला. घोटाघोटानं त्यानं ते सगळं पाणी संपवलं.

तात्पर्य: शब्दांचा अर्थ कळण्याआधी कागदाचा थाट डोळ्यांत भरतो. धोक्याच्या इशाऱ्याला जो लग्नाचा साज चढवतो, त्याच्या हातून एक अक्षरही न चुकता माणूस मरतो.