आडाशेजारचा खड्डा

एकदा एक तरुण तांबट एका वृद्ध आचार्यांपाशी विद्येसाठी येऊन राहिला. सगळं मन लावून करायचा, पण पाणी प्यायची वेळ आली की त्याचा चेहरा उतरायचा. "आमच्या आळीतल्या आडाची गोडी याला नाही हो, गुरुजी," म्हणायचा. त्या आडाचं पाणी हिरवट, कडू झालं म्हणून तो कधीच झाकून टाकला होता. घरी थकलेल्या आईनं मात्र एकच धोशा लावला होता, "डोळे मिटण्याआधी त्यातलं घोटभर मिळेल का रे?"

आचार्यांनी काय करावं? आश्रमात जो शेंगा खाईल त्याच्याकडून ते टरफलं मागून घेऊ लागले. धुवायची, वाळवायची, कुटायची. शिष्याला वाटलं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही. एके दिवशी भुशाचं पोतं त्याच्याच डोक्यावर देऊन ते त्याच्या आळीत गेले. बुडाशी भोक असलेल्या मडक्यात भुसा भरून आडाचं पाणी गाळलं. भुसा बदलून पुन्हा गाळलं, मग पुन्हा. शेवटच्या पाण्यात सोडलेले मासे दिवसभर मजेत फिरले.

"भुशानं पाण्यातलं तांबं धरून ठेवलं," आचार्य म्हणाले.

 शिष्यानं आईसाठी तांब्या भरला आणि वापरलेला भुसा सवयीनं आडाशेजारच्या खड्ड्यात ओतला. भांडी उजळून झाली की आळीतले सगळे तांबट आंबट धुवण पिढ्यान्‌पिढ्या तिथंच ओतत आले होते.

आचार्यांनी तांब्या उचलला आणि पाणी मातीत ओतून दिलं.

"अहो गुरुजी, हे काय केलंत! आई वाट बघतेय माझी!"

"बाळा, तिचं पाणी तू माझ्याआधीच ओतलंस. ज्याला आपण कचरा म्हणतो, त्यानं तुमचं विष मुकाट्यानं अंगावर घेतलं. पण ते नाहीसं नाही झालं, त्यानं फक्त जागा बदलली. खड्ड्यातलं आंबट पाणी ते धुऊन आडात झिरपवतं, आणि तू ते परत आडाच्याच पोटात घातलंस! तांबट ना तू? हा भुसा भट्टीत घाल, तुझं तांबं तुला परत मिळेल. हा खड्डा आहे तोवर मी किती मडकी गाळू? तिला घोटभर पाणी नकोय रे, तिला तिचा आड हवाय."

शिष्य खड्ड्यात उतरून दोन्ही हातांनी भुसा गोळा करू लागला.

भिंत धरत धरत आई आली. "आलं का रे पाणी?"

"अजून नाही, आई. आधी खड्डा बुजवतोय."

"बुजव," ती म्हणाली, आणि रिकामा तांब्या मांडीवर घेऊन आडाच्या काठाशी बसली. "मी बसते इथंच."