बांधावर न पडलेली माती

पूर्वी वेत्रपूर नगरात दृढकीर्ती राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्माला आले होते. नगराच्या वर मोठा तलाव होता. त्याच्या बांधाची राखण सुषेण नावाच्या तरुणाकडे होती. त्याच्या वडिलांनी तीस वर्षांत त्या बांधातून थेंबही गळू दिला नव्हता.

एका उन्हाळ्यात बांधाच्या पायथ्याशी ओल दिसू लागली. आपल्या हातून माती नीट बसली नाही तर लोक वडिलांशी तुलना करतील, या भीतीने सुषेणाने काम पुढे ढकलले. त्याने एक लांब दोरी घेतली आणि येणाऱ्या एकेका दिवसासाठी तिला रंगीत गाठी मारल्या. लाल गाठीला माती आणायची, पिवळीला मळायची, काळीला ठोकून बसवायची. दोरी पुरी झाली की त्याला हलके वाटे, जणू बांधच दुरुस्त झाला. पहिल्या लाल गाठीचा दिवस टळला की तो नवी दोरी घेऊन बसे. त्याची बायको शालवती एकदा म्हणाली, की आज आपण दोघं मिळून चार टोपल्या तरी टाकू. त्याने तिला पौर्णिमेनंतरचा दिवस सांगितला.

बोधिसत्त्व माती न्यायला तलावावर येत. ओल पाहून त्यांनी आपले चाक थांबवले आणि मडक्यांची माती बांधावर टाकू लागले. घरात एक वेळची चूल बंद झाली. पण एकट्याच्या मातीने ओल आवरेना.

श्रावणात एका दुपारी बांध फुटला. शालवती खाली भाजीच्या वाफ्यात होती. बोधिसत्त्वांनी लोंढ्यात उडी घेऊन तिला बाहेर काढले, पण तिच्यात प्राण उरला नव्हता.

तीन दिवस सुषेण फुटक्या बांधावर बसून राहिला. चौथ्या दिवशी राजाने बांधाची राखण आणि तिच्यासोबतची जमीन कुंभाराला देऊ केली. ती सुषेणाकडेच राहावी, अशी विनंती करून बोधिसत्त्व बांधावर आले.

"काका, त्या दोऱ्या जाळून टाकतो," सुषेण म्हणाला.

"दोरीचा काय दोष, सुषेणा? काम चालू असेल तर ती उद्याची आठवण देते. पहिली टोपली उचलायची भीती ती कशी घालवणार?"

"चारच टोपल्या म्हणाली होती ती."

बोधिसत्त्व त्याच्याजवळ बसले. मग उठून माती खणू लागले. टोपली भरली तेव्हा सुषेण रडत रडत आला आणि तिच्याखाली त्याने डोके दिले.

बांध पुरा व्हायला सात वर्षे लागली. सुषेणाने पुन्हा लग्न केले नाही.

ही पूर्वजन्मीची हकिगत सांगून तथागत बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा सुषेण म्हणजे आज सर्वांच्या आधी उठून विहारात पाणी भरणारा भिक्षू चित्तगुप्त. एवढी घाई कशाची, हे त्यालाही ठाऊक नाही. शालवती म्हणजे उपासिका हेममाला, जिच्या दारात भिक्षा घेताना त्याला मान वर करवत नाही. आणि तो कुंभार मीच होतो."

आरंभ करण्याचे जे बळ, त्यालाच वीर्यपारमिता, म्हणजे उद्यमाची परिपूर्णता, म्हणतात.