पाठमोरी वेसाई

बोरवंड शहराच्या ऐन मध्यावर, भाजीबाजार आणि एसटी स्थानक यांच्यामधल्या गर्दीत, वेसाईचे देऊळ आहे. त्याला दोन दारे आहेत. पुढच्या दारातून देवीचे मुख दिसते. मागच्या दारातून केवळ पाठ. नवखा पाहुणा सहजच पुढे जातो. बोरवंडची जुनी घराणी मात्र मागच्या दाराशी वहाणा काढतात, काळ्या पाषाणाच्या त्या पाठीला हळदीकुंकू वाहतात, तेथेच माथा टेकतात आणि मुखदर्शन न घेता परततात. हे कसले दर्शन, असे पाहुण्यांनी विचारले की ओट्यावर बसलेली वडीलधारी मंडळी हैबती गुरवाची गोष्ट सांगतात.

त्या काळी, म्हणे, बोरवंड गावकुसाच्या आत मावत असे. वेसाई वेशीबाहेर, गावाकडे पाठ करून, मोकळ्या माळाकडे पाहत उभी होती. राखणदाराने जिकडे पाहावे तिकडेच तिची दृष्टी. पुढे गाव वाढले. भावाभावांत घरे वाटली गेली, ओसऱ्यांच्या खोल्या झाल्या, अंगणात भिंती आल्या, आडावर घागरीला घागर लागू लागली. तरी वेशीबाहेर घर घालण्याची कोणाची छाती होईना. अशात एका दुष्काळात कोष्ट्यांची बिऱ्हाडे आली. आत तीळ ठेवायला जागा नव्हती. त्यांनी देवीसमोरच्या माळावर आधी पाले ठोकली, मग मातीच्या भिंती चढवल्या, माग लावले. बोरवंड असे पहिल्यांदा देवीच्या पुढे गेले.

त्याच साली गोवराची साथ आली. दाटीवाटीच्या घरांतून लेकरामागून लेकरू जाऊ लागले. माळावर मात्र एकही पाळणा रिकामा झाला नाही, असे सांगतात. हे सर्वांच्या डोळ्यांत सलू लागले.

निंबाजी पाटील चावडीवर म्हणाले, "देवी आपली, निवद आपला, आन् नजर त्या उपऱ्यांवर! फिरवा तिला. गावाकडं तोंड करू द्या."

मूर्तीला हात लावण्याचा अधिकार एकट्या गुरवाचा. त्याचा हात आधी लागल्यावाचून ती हलवता येत नसे. सगळ्यांच्या माना हैबतीकडे वळल्या. त्याच्या घरी त्याची नात सगुणा तापाने निपचित पडली होती. मेलेल्या लेकीची तेवढीच खूण त्याच्यापाशी उरली होती. जन्मभर ज्या माउलीची पायधूळ झाडली, तिने एकदा तरी आपल्या उंबऱ्याकडे पाहावे, याहून त्याचे मागणे मोठे नव्हते. त्याने होकार दिला.

ठरल्या मंगळवारी तो स्नानाचे पाणी घेऊन देवीपाशी आला, तेव्हा समोरच्या माळावर राही कोष्टीण सुताचा ताणा ताणत होती. तिचे तान्हे तिच्या पाठीशी बांधलेले होते.

"आजच फिरवणार व्हय बाबा, आमच्या आईला?" हात न थांबवता तिने विचारले.

"तुमची कवापासनं झाली?"

"बघती आमच्याकडं, म्हून म्हटलं."

हैबतीचा तोल गेला. "माझी नात जाती का ऱ्हाती अशी झालीया. तिच्याकडं एकडाव बघू दे म्हणतुया. तुझं काय जातंय गं?"

राहीचा हात थांबला.  तोच पुन्हा खेकसला, "आन् ते पोर तरी पुढं घे की! आईचं तोंड दिसंना म्हून रडंल."

"तोंड बघायला त्यो काय नवरदेव हाय?" राही म्हणाली. "पुढं विंचूकाटा, उन्हाची झळ. ते समदं माझ्या तोंडावर. लेकरू पाठीलाच बरं, बाबा."

 हैबती घागर घेऊन देवीच्या मागे गेला. आजवर त्याने मुखाला न्हाऊ घातले, चरण धुतले. पाठ धुण्याचे कधी मनात आले नव्हते. तेथे शेवाळ धरले होते. त्याने ते हाताने खरवडले, आणि म्हणे, आतला पाषाण उन्हात राबून आलेल्या बाईच्या पाठीसारखा गरम लागला. त्यावर घामाचे थेंब होते.

तेवढ्यात पहारी घेऊन मंडळी आली. हैबती देवीच्या पाठीला पाठ लावून बसला.

"सरक, गुरवा," पाटील म्हणाले. "नात मराय टेकली, आन् तू परक्यांची राखण करतुयास?"

"राखण ती करती. आपल्यासाठीच उभी हाय. हात लावून बघा, पाटील."

पाटलांनी हात लावला. तो ओला होऊन परत आला. मग पहार कोणीच उचलली नाही.

त्याच दिवशी मावळतीला सगुणा गेली. राहीने मागावरचे नवे पांढरे कापड कापून आणले, ते तिच्यावर घातले. दुसऱ्या दिवशी हैबतीने पूजेचे ताट राहीच्या हाती दिले आणि सांगितले, "तोंड तुमचं. जे शेवटी येतील, त्यांचं. आमी पाठीला." त्यानंतर मरेपर्यंत तो देवीपुढे आला नाही. कोणी याला व्रत म्हणतात. कोणी म्हणतात, तो म्हातारा रुसला होता, आणि एवढा रुसवा त्या माउलीनेही पोटात घातला.

कोष्ट्यांच्या पलीकडे रेल्वेचे मजूर येऊन राहिले, तेव्हा कोष्ट्यांनी मुखपूजेचे ताट त्यांच्या हाती दिले आणि आपण मागच्या दाराशी गेले. मजुरांनी ते गिरणीवाल्यांना दिले, गिरणीवाल्यांनी नव्या वसाहतींना. शहर असे वाढत गेले, आणि ताट पुढे सरकत गेले.

आजही नवरात्रात देवळाला दोन रांगा लागतात. पुढची वळणे घेत पार बाजारापर्यंत जाते. मागची तुरळक असते. बायपासपलीकडे, जेथे पाणी टँकरने येते, तेथे पत्र्याच्या खोल्यांची मोठी वस्ती झाली आहे. तेथल्या बायका या वर्षी मुखपूजेचे ताट मागायला आल्या. तेव्हा ताट ज्यांच्या हाती होते, त्या बंगल्यांच्या कॉलनीतल्या बायकांनी त्यांना अडवले. "ही कोण कुठली माणसं? आम्ही इथले आधीचे आहोत."

हैबतीच्या वंशातली भागूबाई गुरवीण गाभाऱ्यात वात सारत होती. ती शांतपणे म्हणाली, "आधीचे असाल, तर मागच्या दाराने या, बाई."

काही जणी खाली मान घालून मागे गेल्या. बाकीच्या पुढच्या रांगेत तशाच उभ्या राहिल्या, आणि ताट अजून त्यांच्याच हातात आहे.